वाक्य पूर्ण करू नये

"बोलता न येणाऱ्यांचा गप्पांचा अड्डा?" प्रशिक्षिकेने पुन्हा विचारलं, आणि खोलीत हशा पिकला.

ही कल्पना मांडणारी ती उभीच राहिली. शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांचे कर्मचारी त्या खोलीत जमले होते. लोकांच्या उपयोगी पडणारे नवे कार्यक्रम कसे उभे करायचे, याचं प्रशिक्षण चाललं होतं. कुणी खेळण्यांचं वाचनालय सुचवलं, कुणी सायकलदुरुस्तीचा वर्ग. तिची पाळी आली तेव्हा तिने हे सांगितलं.

"हो, अड्डाच," ती म्हणाली. "पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांचा. त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द वेळेवर सापडत नाहीत. आणि शब्द तर आपल्याकडे कपाटं भरून आहेत."

"अहो ताई," तिचे ग्रंथपालसाहेब मागून म्हणाले, "आपलं वाचनालय आहे, दवाखाना नाही."

"दवाखान्याने घरी पाठवलेल्यांचंच बोलतेय मी, साहेब."

आता कुणी हसलं नाही. ती कुणाबद्दल बोलतेय हे तिच्या शाखेतल्या सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. अर्धं गाव त्याच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. दिवसभर बोलणं हा त्याचा धंदा आणि बोलता बोलता हसवणं हा स्वभाव. गेल्या वर्षी झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, जीभ मात्र अडकली ती अडकलीच. घरी कुणी भेटायला आलं की तो आतल्या खोलीत निघून जायचा.

प्रशिक्षिकेने तिला महिनाभराची मुदत दिली. माणसं आली नाहीत, तर वाचनालयाची मागची खोली साहेबांना जुन्या गठ्ठ्यांसाठी हवीच होती.

"पण आधी इथे करून दाखवा," प्रशिक्षिका म्हणाली. एका सहकाऱ्याने मुक्याचं सोंग घेतलं. तो हातवारे करी, अर्धा शब्द काढी, की ही पटकन उत्तर देई. पाऊस! चावी! मुलीचं लग्न! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षिकेने वाजवल्या नाहीत.

"तुम्ही फार लवकर ओळखता," ती एवढंच म्हणाली. हिला ते कौतुक वाटलं.

मग ती कामाला लागली. व्यायामोपचाराच्या केंद्रांत जाऊन बसली. डॉक्टरांना भेटली. मोठ्या अक्षरांत फलक लिहिले. दुपारच्या सुट्टीत घरी धावायची, नवऱ्याला गरम वाढायची आणि स्वतः न जेवता तशीच पिशवी उचलून पुढच्या पत्त्यावर. सगळ्यांत आधी तिने त्यालाच विचारलं होतं. त्याने जोरात मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"तू नाही आलास तरी मी करणारच," ती दाराला म्हणाली.

पहिल्या दिवशी तिघं आली, प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी. त्यांत एक शिंपीणबाई होत्या, मुलाचा हात धरून आलेल्या. प्रशिक्षिका भिंतीशी बसली होती. साहेब दारात उभे होते.

"तुम्ही काय काय शिवलंत आजवर?" तिने शिंपीणबाईंना विचारलं.

"झ… झ…"

"झबली!" मुलगा म्हणाला. "आई झबली शिवायची."

"वा, झबली!" तीही म्हणाली.

शिंपीणबाईंनी चांगला हात टेबलावर असा आपटला की खोली दचकली. त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगा ओशाळला. तिला काय करावं कळेना. तिने भिंतीकडे पाहिलं. प्रशिक्षिका हललीसुद्धा नाही.

"थांबू या आपण," मग तीच मुलाला म्हणाली.

सगळे थांबले. कुणीतरी खाकरलं. थांबणं इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. शब्द तिच्या जिभेवर येऊन टोचत होते.

"झा… झालर," शिंपीणबाई शेवटी म्हणाल्या. "नाट… नाटकाच्या… पडद्याची."

"आई, हे तू कधी सांगितलंच नाहीस!"

शिंपीणबाईंनी लेकाकडे असं पाहिलं, की तो खाली बघू लागला.

सगळे गेल्यावर तिने एक पाटी लिहिली आणि खोलीच्या दारावर लावली. 'इथे कुणी कुणाचं वाक्य पूर्ण करू नये.' साहेबांनी ती दोनदा वाचली. गठ्ठ्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

घरी जाताना तिला आपलंच घर आठवलं. नवऱ्याने तोंड उघडलं की ती काय करायची? पाणी? गोळी? चष्मा? पंखा लावू? तो मान हलवायचा, हलवायचा आणि शेवटी पाण्याचा पेला घ्यायचा. तिला वाटायचं, ओळखलं आपण.

संध्याकाळी तिने दूध तापत ठेवलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू…"

'चहा?' तिच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं आणि स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली. तो गोंधळला. दूध वर येऊ लागलं. त्याने शेगडीकडे बोट दाखवलं.

"जाऊ दे ते उतू. तू बोल."

दूध उतू गेलं, चरचरलं. ती उठली नाही. हात लांब करून तिने फक्त गॅस बंद केला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"तू… जे… जेव…"

भूक लागली असेल. 'वाढते' म्हणायला तिचे ओठ उघडलेही. तिने ते दातांखाली दाबून धरले आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"जेव… जेवलीस?"