उजवा कौल

देवीच्या पाषाणाला चिकटवलेल्या दोन ओल्या कळ्यांकडे मृणालिनी रोखून पाहत होती. "उजवीकडची कळी पडली तर होकार," गुरव म्हणाले. "विचारा काय तां."

कौलावर लेख लिहायला आलेल्या पत्रकार मृणालिनीने मुद्दाम फसवा प्रश्न काढला. "माझे वडील घरी खुशाल आहेत ना?" त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

उजवी कळी टपकन पडली.

"खुशाल आसत. घरातच आसत," गुरव समाधानाने म्हणाले.

लेखाचा शेवट मिळाल्याच्या आनंदात ती देवळाच्या पायऱ्या उतरली आणि आईला फोन लावून तिने सगळं हसत हसत सांगितलं.

आई हसली नाही.

"म्हणजे देवीलाही कळलं," ती हळूच म्हणाली. "सोमवारपासून रोज जेवायला येतात गं. तू मात्र इतक्यात इकडे फिरकू नकोस. तुला न्यायचं म्हणतायत."