कारखाना आतून दाखवा

'गिऱ्हाइकाला कारखाना आतून दाखवा,' हे ऑनलाइन जाहिरातीच्या कोर्समध्ये शिकल्यापासून जोहे गावच्या नमिताचा गणपतींच्या कारखान्याचा ब्लॉग जोरात चालला होता. 'आमचीच मूर्ती अस्सल शाडूची, बाकी सगळ्या गावात प्लास्टर' या लेखानं तर गावातच मूर्तींचा कारखाना असलेल्या दिराची निम्मी गिऱ्हाइकं तिच्याकडे ओढली.

भर दुपारी दीर पहार घेऊन घुसला. "वहिनी, माझ्या पोटावर पाय देतेस काय गो!" आडव्या आलेल्या तिच्या नवऱ्याचं डोकं त्यानं फोडलं आणि मग रंगवून ठेवलेल्या मूर्ती फोडत सुटला. नमितानं मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. बघू दे जगाला याची गुंडगिरी!

पहिलीच कमेंट पेणच्या गिऱ्हाइकाची आली.



"ताई, आतून तर सगळं पांढरंफटक प्लास्टरच हाय की!"