गोव्याच्या वाटेवर

माधवराव एकटेच सायकलवर गोव्याला निघाले, तेव्हा सोसायटीने हार घातला आणि रोज एक फोटो ग्रुपवर टाकायचं कबूल करून घेतलं. कामशेतपर्यंत गुडघ्यांनी साथ दिली. पुढे पाय उचलेना आणि पहिल्याच दिवशी तळेगावला घरी परतायची लाज वाटत होती.

रस्त्यालगत बजरंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर ‘खोली मिळेल’ अशी पाटी दिसली. ते आत वळले.

“आठ-दहा दिवस राहीन म्हणतो,” ते हळूच म्हणाले. “पण मी इथे आहे, हे कुणाला कळता कामा नये.”

बजरंगने सायकल पाहिली, हार पाहिला आणि हसू दाबलं.

“गोवा का, आबा?”

माधवरावांनी मान खाली घातली. “हो. आणि रोज फोटो पाठवायचाय.”

“त्याची काळजी नगं. फोटोत मागं लावायला रंगवलेले पडदे हायेत माज्याकडं, पार गोव्यापत्तुर.”

माधवरावांचा चेहरा उजळला. “मग आज समुद्रच लावा!”



“न्हाई आबा. मागं एका काकांनी पयल्याच दिवशी समुद्र लावला, अन् काकूंनी पकडलं. आज तुमाला खोपोलीच मिळंल.”