टिको

गालावर बर्फ धरून आई येरझारा घालत होती. लेकीची बॉक्सिंगची लढत एव्हाना संपली असणार, आणि नवरा घरी यायचीही वेळ होत आली होती. एवढ्यात लेकीचा मेसेज आला, इंग्रजी तीनच अक्षरं. तिने ती जोडून वाचली, "टिको". लग्नात सगळे हेच म्हणाले होते, संसार टिको.

तिने फोन लावला. "हे टिको काय गं?"

"टी-के-ओ, आई! जिंकले मी. समोरची उभी होती, तरी पंचांनी लढत थांबवली."

"पडली नसताना?"

"मग, पडेपर्यंत मार खायचा असतो होय? बरं, तुझी दाढ कशी आहे?"

"दाढ नव्हतीच गं ती." आईने माळ्यावरची बॅग खाली ओढली. "पण अजून उभी आहे मी."