आत्याचा जंतू

वृंदाने गिळलेली गोळी जठराच्या आतली चित्रं डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवत होती.

"जठराला त्याच्याच आम्लापासून वाचवणारा हा बुळबुळीत थर," डॉक्टर म्हणाले. "जंतूंनी तो इथे पातळ केलाय, म्हणून व्रण झाला. औषधाने बरा होईल."

घरातल्या सगळ्यांच्या जंतूंची नोंद असल्यामुळे गोळीने जंतूचं मूळही सांगितलं. तो तान्हेपणी आत्याच्या तोंडातून आला होता.

शेजारी बसलेली आई घाईने म्हणाली, "यंत्रंही चुकतात. तान्हेपणी तुला मी कुणाच्या हाती दिलंच नाही."

एवढी घाई कशाला, हे वृंदाच्या मनातून जाईना. दुसऱ्याच दिवशी तिने सासवडला जाऊन आत्याला गाठलं. आत्याने आधी विषय टाळला, मग आवाज खाली आणला.

"तू पाच महिन्यांची असताना वहिनी घर सोडून गेली. दीड वर्षाने परत आली. तोवर मीच भाकरी चावून तुला भरवायचे."

"का गेली होती?"

"ते तिने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दारात उभी राहिली, तेव्हा तू तिला ओळखलंही नाहीस."

वृंदा घरी आली, तेव्हा आई तिच्यासाठी मऊ भात कालवत होती.

"काय म्हणाली आत्या?" आईने मान वर न करताच विचारलं.

"म्हणाली, मी तुला ओळखलं नव्हतं."

आईचा हात थांबला.

"आठ दिवस जवळ आली नव्हतीस," ती म्हणाली. वृंदा पाट ओढून तिच्यासमोर बसली.