उकळलेलं पाणी

तिसरं पातेलं गॅसवर चढलं, तेव्हा काशिनाथरावांनी बायकोला विचारलंच, की नातू येतोय का लग्नाचं वऱ्हाड?

सरोजताईंनी लक्ष दिलं नाही. गेल्या खेपेला शमिका टोरांटोहून अद्वैतला घेऊन आली आणि इथल्या पाण्यानं पोराचं पोट असं बिघडलं, की सलाइन लावावं लागलं. जावई सत्यजितनं तेव्हा फोनवर शांतपणे बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मुलाला भोपाळला पाठवणार नाही. एकुलता एक नातू तो. बाई धास्तावणार नाही तर काय करणार!

म्हणून कोलार रोडवरच्या त्या घरात सगळं उकळायला लागलं. प्यायचं पाणी, दात घासायचं पाणी, भाज्या धुवायचंसुद्धा. कोशिंबीर बंद. बाहेरचे पोहे-जिलेबी काशिनाथरावांनाही बंद. तशाही त्यांच्या किडन्या नाजूकच होत्या.

शमिका आली. पोरगं मलूल, भात नुसता चिवडत बसायचं. एवढ्या प्रवासानं होतं असं, ती म्हणाली. त्याची आंघोळ, त्याचे कपडे, सगळं तीच करायची. आजीला हात लावू देईना. सरोजताईंना ते फार लागलं. काशिनाथराव मात्र अद्वैतच्या ताटलीतला उरलेला वरणभात रोज मिटक्या मारत संपवायचे. नातवाचं उष्टं कोणी टाकतं का?

"बाबा, नका ना खाऊ ते," शमिका एकदा म्हणाली. परदेशात राहून शिष्ट झाली पोरगी, असं आईनं मनात म्हटलं.

अद्वैत लवकरच घरभर हुंदडायला लागला, आणि काशिनाथराव आडवे झाले. उलट्या, जुलाब, थांबायचं नाव नाही. सरोजताईंची खात्रीच होती, की चोरून चौकात पोहे हाणले असणार. ते बिचारे शपथा घेत होते, पण ऐकतंय कोण? त्यांनी नवऱ्याला मागच्या खोलीत हलवलं आणि अद्वैतला तिकडे फिरकू दिलं नाही.

"एकदा दाखव गं त्याला," म्हातारा आतून विनवायचा. सरोजताईंनी मन दगडाचं केलं.

मग हॉस्पिटल, मग किडन्या बंद. नातवाला शेवटचं न बघताच गेला माणूस.

तेरावं उरकलं. शमिका बॅग भरत होती. शेजारी बसून सरोजताई अद्वैतच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ह्यांनी काय खाल्लं, देव जाणे," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या पोराला मी काही होऊ दिलं नाही. सत्यजितला सांग तेवढं. पुढच्या वर्षी पाठवेल ना तो?"

शमिकाचे हात थांबले.

"आई, अद्वैतला तिथून निघतानाच जुलाब होत होते. सत्यजितला कळलं असतं, तर त्यानं आम्हाला निघूच दिलं नसतं."