बांधावरचा उंदीर

"उंदीर लिही," साहेब म्हणाले.

बांधवालीने रजिस्टर मांडीवर घेतलं, पण पेन उघडलं नाही. तलावाचा हा मातीचा बांध ती बारा वर्षं रोज पायी तपासत होती. वस्तीकडच्या उतारावरचं हे बीळ उंदराचं नव्हतंच. तोंडाशी घमेलंभर ताजी माती उकरून पडली होती.

"घूस आहे, साहेब."

"अगं, उंदीर काय नि घूस काय, एकाच माळेचे मणी! उंदीर म्हटलं की बीळ बुजवायचं आणि मोकळं व्हायचं. घूस म्हटलं की अर्धा तलाव उपसा, बांध खणा. रविवारी बोटिंगचं उद्घाटन आहे, नव्या बोटी येऊन पडल्यात. उगाच डोंगर पोखरून उंदीर काढू नकोस."

"डोंगर मी नाही पोखरत. ती पोखरतेय."

साहेबांचा आवाज चढला. "रोजंदारीवर आहेस, विसरू नकोस. उद्या दुसरी कुणी ठेवीन."

तिने खाली बघितलं. बांधाखालचं पहिलंच घर तिच्या धाकट्या बहिणीचं होतं, दारातल्या दोरीवर भाचीची झबली वाळत होती. तिला असा राग आला, की काम जाण्याची भीती कुठल्या कुठे गेली.

"बरं, उंदीर तर उंदीर. पण पुढच्या रकान्यात खोली भरायची असते. तुमची टेप जरा धरा."

साहेबांनी नाइलाजाने टेपची डबी धरली. ती उतारावर पालथी पडली आणि पट्टीचं टोक बिळात सारत गेली. कोपर आत गेलं, मग खांदा. डबी साहेबांच्या हातात खरखरत राहिली. दोन फूट. चार. सातावर थांबली. साहेब आकड्याकडे बघतच राहिले.

तिने उठून पदराची माती झटकली, सावकाश लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"प्राणी: उंदीर, साहेबांच्या सांगण्यावरून. बीळ: सात फूट. टेप साहेबांनी स्वतः धरली होती."

मग रजिस्टर आणि पेन तिने त्यांच्यापुढे केलं. "करा सही."

पेन घ्यायला हात मोकळा हवा, म्हणून साहेबांनी डबीचं बटण दाबलं. पट्टी सरसर परत आली. तिचं शेवटचं वीतभर टोक ओलं होतं.